विद्यार्थ्यांचा अभियांत्रिकी प्रकल्प : नियोजन कोणाचे, श्रम कोणाचे?

विज्ञान प्रदर्शनात तयार प्रतिकृती विकत आणून मांडण्याची प्रथा अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. ज्या घरी पैसा, त्या घरच्या मुलाचा प्रकल्प देखणा ठरतो. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मग कशाच्या बळावर उभे राहावे? आमचे उत्तर आहे : नियोजनाच्या बळावर. त्याला कागद, पेन्सिल आणि विचार एवढेच भांडवल लागते.

त्या दृष्टीने संमिश्र पदार्थ, म्हणजेच कंपोझिट, हा विषय आम्हांस विशेष योग्य वाटतो. भिन्न गुणांचे पदार्थ एकत्र आणून, एकेकट्यात नसलेले सामर्थ्य मिळवणे हे त्याचे तत्त्व होय. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण पोलादी सळई घेते. बोइंग 787 विमानाच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. आणि अजिंठ्याच्या चित्रांखालील गिलावा? माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचे तेही संमिश्रणच!

समजा, ताग आणि इपॉक्सी राळ यांची तुळई करावयाची आहे. खरेदीपूर्वी अपेक्षा आकड्यांत लिहावी : 60 सें.मी. अंतरावरील दोन टेकूंवर ठेवलेल्या तुळईने मध्यभागी 20 किलो भार पेलावा, 6 मि.मी.हून अधिक वाकू नये आणि तिचे वजन 500 ग्रॅमच्या आत असावे. एवढे लिहिले की प्रश्न आपोआप उभे राहतात. तंतू लांबीच्या दिशेने ठेवले तर तुळई बळकट होते, सारे आडवे ठेवले तर दुबळी. आयताकृती छेदाची उंची दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. म्हणून मध्ये हलका थर्माकोल ठेवून वर-खाली तागाचे थर द्यावेत, आणि थर्माकोल मऊ असल्याने बाजूंनाही तागाचे कापड गुंडाळावे. पॉलिएस्टर राळ थर्माकोलला विरघळवते, इपॉक्सी विरघळवत नाही. हे खरेदीपूर्वी कळले तर पैसा वाचतो. नंतर कळले तर तोही जातो आणि उमेदही.

ताग ओलावा शोषतो, म्हणून तो आधी वाळवावा. राळ आणि हार्डनर सांगितलेल्या प्रमाणातच तोलावेत. एकदम मोठे मिश्रण केल्यास ते तापते. हातमोजे, हवेशीर खोली आणि शिक्षकांची उपस्थिती यांत तडजोड नको. प्रथम छोटे नमुने करून ते मोडेपर्यंत भार द्यावा. तंतू तुटले की थर एकमेकांपासून सुटले, याची नोंद करावी. मोडलेला नमुनाही प्रदर्शनात मांडावा. तोच खरा पुरावा असतो.

आमचा मुख्य आग्रह मात्र पुढेच आहे. गटात एक मुलगा आकडेमोड करतो, दुसरा राळ कालवतो, मुलींच्या वाट्याला सजावट आणि झाडलोट येते. आणि परीक्षकांपुढे बोलतो तो पहिलाच. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच उतरंडीची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. तीच उतरंड पाच जणांच्या गटात, नकळत का होईना, आपण पुन्हा रचू नये. म्हणून नियोजनातच कामांची आळीपाळी लिहावी : प्रत्येकाने मोजावे, तोलावे, कालवावे, झाडावे आणि बोलावे.

इतिहासाचे अध्यापन करताना एक गोष्ट आम्हांस सतत जाणवते. अजिंठ्याच्या शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. गिलावा करणाऱ्यांची नाहीत. शतकानुशतके ज्या हातांनी चित्रांना आधार दिला, ते हात अनामिक राहिले. आपल्या शाळेच्या प्रकल्पवहीत तसे होऊ नये. कोणते काम कोणी केले, कोणत्या दिवशी केले, हे नावानिशी लिहिलेले असावे.

माजी विद्यार्थ्यांतील अभियंत्यांना आमची विनंती आहे, की त्यांनी तयार प्रतिकृती भेट देऊ नये. एक तराजू, एक मोजपट्टी आणि आपला एक रविवार द्यावा. पालकांनीही मुलाला ‘बक्षीस मिळाले का?’ असे विचारण्याआधी ‘तुझी तुळई कुठे मोडली, आणि का?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर जे मूल निर्भयपणे देईल, ते उद्या कोणत्याही प्रयोगशाळेत मान वर करून उभे राहील.