विश्लेषण : सावित्रीकाठी ‘गळ पर्यटन’ हवे, पण आधी मासा जगवा

महाडजवळच्या सव येथे सावित्रीच्या काठावर गरम पाण्याचे झरे आहेत. पर्यटक येतात, अंघोळ करतात आणि निघून जातात. गावात पैसा फारसा राहत नाही. परदेशात वाटाड्यासोबत नदीवर गळ टाकायला जाण्याच्या सहली असतात. तसे काही इथेही का नसावे? कल्पना चांगली आहे. मात्र तिकडचा गळ आणण्याआधी तिकडची शिस्त आणावी लागेल.

परदेशात नेमके काय चालते?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील स्कीना नदी सामन आणि स्टीलहेड या माशांसाठी प्रसिद्ध आहे. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत चढतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट. या माशांसाठी हौशी लोक परवानाधारक वाटाड्याला पैसे मोजून रानावनात जातात. नियम मात्र कडक आहेत. नदीत उलटा काटा नसलेला एकच गळ वापरायचा आणि निसर्गात वाढलेला स्टीलहेड लागला तरी तो पाण्यात सोडायचा.

आपल्याकडे असे मासे आहेत का?

सामन नाही, पण चढणीचे मासे आहेत. मृगाचा पाऊस पडला की ओढ्यांना पाणी येते आणि अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओहोळांत, भातखाचरांत चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात. नेमके तेव्हाच त्यांना धरायला झुंबड उडते. एक गाभोळीचा मासा टोपलीत पडला की त्याच्यासोबत पुढची पिढीही जाते.

रायगडच्या खाड्यांतला जिताडा सामनच्या उलट वागतो. तो नदीत आणि खाडीत वाढतो, अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे गळाला लागलेला सर्वात मोठा जिताडा ही बहुधा मादीच असते. फोटो काढून तो घरी नेणे नदीला महागात पडते.

मासे राखण्याची परंपरा आहे का?

आहे, आणि ती महाड तालुक्यातच आहे. सावित्रीची उपनदी असलेल्या काळ नदीवर वाळण कोंड हा डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथले महसीर कोणी धरत नाही. भाविक त्यांना चुरमुरे घालतात. सरकारी पहारा नसतानाही श्रद्धेने हा डोह राखला. मासा न मारताही तो पाहायला माणसे येतात, हे वाळण कोंडाने दाखवून दिले आहे.

कावेरी काय शिकवते?

कर्नाटकात भीमेश्वरी येथे महसीर पकडून सोडण्याचे शिबिर अनेक वर्षे चालले. पुढे संरक्षित वनक्षेत्रातील नियमांमुळे तिथली गळाची मासेमारी थांबली. त्याच कावेरीत बाहेरून आणलेल्या निळ्या पराच्या महसीरची पिल्ले सोडली गेली. तो मासा फोफावला आणि मूळचा कुबडा महसीर मागे पडला. २०१८ मध्ये कुबड्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. बोध सरळ आहे : पर्यटकांना मोठे मासे मिळावेत म्हणून बाहेरची पिल्ले नदीत सोडू नयेत.

मग सावित्रीत काय करावे?

पहिले, वाटाडे स्थानिक भोई, कोळी आणि कातकरी समाजातलेच असावेत. नदीचा तळ, भरती-ओहोटी आणि माशांच्या वाटा त्यांना ठाऊक आहेत. कमाईचा मोठा वाटा त्यांच्याकडे राहिला, तर राखण त्यांच्याच हिताची होईल.

दुसरे, पर्यटकाने धरलेला प्रत्येक मासा सोडावा. पावसाळ्याचे पहिले महिने गळ पूर्ण बंद ठेवावा. वाळण कोंडासारख्या डोहांत गळ कधीच पडू नये.

तिसरे, सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी व्हायला हवी.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. पोटासाठी चार मासे धरणाऱ्या कुटुंबाला हौशी पाहुण्यांसाठी का अडवायचे? अडवू नये. नियमांचा भार आधी पाहुण्यावर पडावा. वलगणीतही काही ओहोळ गावाने मिळून राखीव ठेवले, तर उरलेल्यांत धरायला मासे राहतील.

सर्वात कठीण प्रश्न पाण्याचा आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि सावित्रीत मासे मेल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. नदीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला काठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागले पाहिजेत. ते समाधानकारक येईपर्यंत इथे गळ पर्यटनाची जाहिरात करणे ही पाहुण्यांचीही फसवणूक ठरेल आणि नदीचीही.