पॉलिश जपायचं की खेळ?

कॅरमच्या बोर्डाला पॉलिश कशासाठी असतं? छान दिसावं म्हणून, असं बहुतेकजण सांगतील. पण खरं कारण वेगळं आहे. प्लायवूड म्हणजे शेवटी लाकूडच. ते हवेतला ओलावा पितं, फुगतं, त्याचे बारीक तंतू उभे राहतात. त्यावरून सोंगटी सरकणार कशी? म्हणून ते आधी पॉलिश पेपरने घासतात, त्यावर रेघा आणि वर्तुळं छापतात आणि मग पॉलिशचे पातळ हात देतात. रेघा टिकतात त्या पॉलिशच्या खाली असतात म्हणून. थर झिजला की सगळ्यात आधी पुसट होते ती बेसलाइन, कारण स्ट्रायकर रोज तिथेच घासला जातो.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीत सध्या यावरूनच वाद चालू आहे. वर्गणी काढून एक चांगला जड बोर्ड आणला. आता काहींचं म्हणणं, मुलं पॉलिशची वाट लावतात, तेव्हा तो कुलपात ठेवावा आणि फक्त गणपतीतल्या स्पर्धेपुरता बाहेर काढावा. दुसरा पक्ष म्हणतो, वार्निशचे चार जाड हात मारून घ्या म्हणजे काळजी मिटली. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते जरा फोड करून सांगते. बाईंची जुनी सवय, चालवून घ्या!

आधी जाड हातांचं बघू. सोंगटीचं वजन 5 ते साडेपाच ग्रॅम, स्ट्रायकरचं फार तर 15 ग्रॅम. एवढ्याशा वजनाला 74 सेंटिमीटरचं मैदान पार करायचं असतं. वार्निशचा जाड थर दमट हवेत चिकट राहिला, तर सोंगटी अर्ध्यातच अडकते. त्यातून आपलं विरार समुद्राजवळचं. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश करायला गेलात तर ते पांढुरकं पडतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. अनुभवी पॉलिशवाला जुलैत काम घ्यायला कां कूं करतो ते उगीच नाही. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा, हेच खरं.

मुलं खेळल्याने पॉलिश जातं हेही अर्धंच खरं आहे. बोरिक पावडरचे कण पापुद्र्यासारखे असतात. ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी पळते. पॉलिशचा शत्रू आहे त्या पावडरीत मिसळणारी धूळ आणि चपलांबरोबर येणारी बारीक वाळू. ती पॉलिश पेपरचंच काम करते. खेळ संपल्यावर कोरड्या मऊ फडक्याने बोर्ड पुसायचा, ओलं फडकं लावायचं नाही, वर चहाचा कप ठेवायचा नाही आणि बोर्ड ओल आलेल्या भिंतीला टेकवायचा नाही. एवढी शिस्त दहा वर्षांच्या मुलालाही लागते. आम्ही चाळीस-चाळीस मुलांना रांगेत उभं केलंय, चार मुलांच्या हातात फडकं देणं काय अवघड आहे?

हा वाद फक्त आपल्याकडचाच आहे असं मात्र समजू नका. आपल्या लहानपणी खिळ्यांचं आणि गोळ्यांचं बॅगाटेल असायचं, आठवतं? अमेरिकेतलं पिनबॉल हा त्याचाच विजेवर चालणारा नातू. 1947 साली त्याला बटणाने हलणारे फ्लिपर आले आणि खेळ रंगला. त्यातली फळीही प्लायवूडचीच, वर रंगीत चित्रं आणि त्यावर पारदर्शक थर. पण त्यावरून धावते 80 ग्रॅमची पोलादी गोळी! जुन्या यंत्रांमध्ये ती थर खाऊन, रंग खाऊन थेट लाकडापर्यंत पोचायची. 1990च्या सुमारास पॉलियुरेथेनचे कडक थर आले. आता तिकडचे हौशी लोक जुन्या फळ्या साफ करून त्यांवर मोटारीला मारतात तसला दोन भाग मिसळून करायचा पारदर्शक लॅकर फवारतात. तरीही गोळीचे बारीक खळगे पडतातच. थर कितीही कडक केला तरी खालचं लाकूड दबणारच. त्यातले जाणते सांगतात, खेळत राहा, खळगे आपोआप एकसारखे होतील.

आणि आता आपल्या कोकणातलं उदाहरण. सावंतवाडीची गंजिफा. चिंचोक्याच्या खळीने तयार केलेली गोल पानं, त्यांवर हाताने काढलेली चित्रं आणि वर लाखेचा थर. दशावतारी गंजिफेत 10 रंग आणि 120 पानं. लाखेमुळे पान घामाने खराब होत नाही आणि हातातून सहज सरकतं, म्हणजे तो थर खेळणाऱ्यांसाठीच होता. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण आज ती पानं लोक विकत घेतात ती बहुधा शोकेससाठी. डाव मांडून खेळणारे शोधावे लागतात. लाखेने पानं राखली. खेळ राखायचं काम मात्र लाखेचं नव्हतं, ते आपलं होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहाटेच्या लोकलने जाऊन रात्री नऊला परतणारे बाप रविवारी मुलांसमोर बसतात, ते या बोर्डापाशीच. तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा आणि पाचवीतली मुलगी राणीवरून भांडतात. हे कुलपात ठेवून काय जपणार आपण? रेघा पुसट झाल्या तर चार-पाच वर्षांनी पुन्हा वर्गणी काढू, पॉलिशवाल्याला बोलावू. झिजलेल्या लाकडावर नवा हात देता येतो. मुलं एकदा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली की त्यांना परत आणणारा पॉलिशवाला मला तरी माहीत नाही.

तुमच्याकडच्या बोर्डाची काय अवस्था आहे? भाचेमंडळींनी तरी नक्की लिहावं.