खेळ मागें कां पडतो?

संगणकावरील खेळांत बटण दाबलें तरी गडी उशिरां उडी मारतो, सबब नवा बिनतारी कंट्रोलर घेऊन द्या, असा हट्ट हल्लीं अकोल्याच्या मुलांकडून आम्ही ऐकतों. वर्षभराच्या वह्यांचे पैसे यांत घालविण्याची पालकांनीं घाई करूं नये, असें आमचें मत आहे.

ब्लूटूथ व घरचें वाय-फाय पुष्कळदां २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यांत चालतात. आठवडी बाजाराच्या गलबल्यांत हांक हरवावी, तसा संदेश अडतो. यूएसबी ३.० चीं उपकरणेंही त्याच पट्ट्यांत गोंगाट करितात, हें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं दाखविलें.

म्हणून प्रथम कंट्रोलर डेटा वाहणाऱ्या केबलनें जोडून पाहावा. विलंब गेला, तर दोष बहुधा बिनतारी मार्गांतच. मग बॅटरी चार्ज करावी, डोंगल लांब केबलनें संगणकापासून दूर आणावा, वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावें. विलंब कायम राहिला, तर पडदा अगर संगणकच मंद असावा. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. नाहींतर गुण कशानें आला, तें कळत नाहीं.

मुलांनो, दोषाचें मूळ शोधणें ही प्रयोगशाळेंतलीच विद्या होय. ती विकत मिळत नाहीं.