इंटरनेट बंदी : अवलंबित्व नवे, आदेशाचा साचा जुना

अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी दिला, तेव्हा त्यातील दोन मुद्द्यांची देशभर चर्चा झाली. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यापार यांना राज्यघटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे, हा पहिला मुद्दा. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, हा दुसरा. तिसऱ्या एका निर्देशाची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली. ज्या भागात सेवा लगेच सुरू होण्याची शक्यता नाही, तेथे निदान सरकारी संकेतस्थळे, मर्यादित स्वरूपातील बँक व्यवहार, रुग्णालयांच्या सेवा आणि इतर अत्यावश्यक सेवा यांना परवानगी देण्याचा विचार तातडीने करावा, असे न्यायालयाने प्रशासनाला सांगितले होते.

इंटरनेट बंद झाल्यावर केवळ संदेशांची देवाणघेवाण थांबत नाही, तर दवाखाना, बँक आणि सरकारी कचेरीही थांबते, याची दखल या निर्देशात होती. त्यानंतरच्या काळात हे अवलंबित्व कित्येक पटींनी वाढले. ते गृहीत धरून बंदीचे आदेश काढले जातात काय, हा खरा प्रश्न आहे.

बनिहालची गाडी

ज्या परिस्थितीतून हा खटला उभा राहिला, ती आठवणे उपयुक्त ठरेल. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीपासून काश्मीर खोऱ्यात मोबाईल, इंटरनेट आणि घरगुती दूरध्वनीही बंद झाले. दुसऱ्या दिवशी कलम ३७० बाबतचा निर्णय संसदेत जाहीर झाला. ‘काश्मीर टाइम्स’ या दैनिकाची श्रीनगर आवृत्ती निघू शकली नाही, आणि त्याच दैनिकाच्या कार्यकारी संपादक भसीन न्यायालयात गेल्या. पत्रकारांसाठी श्रीनगरच्या एका हॉटेलात प्रशासनाने सुविधा केंद्र उघडले. तेथे मोजकेच संगणक आणि बातमी पाठवण्यासाठी भली मोठी रांग, असे चित्र होते.

ऑक्टोबरच्या मध्यास पोस्टपेड मोबाईलवर बोलणे शक्य झाले. लघुसंदेश सेवा मात्र सुरू होऊन काही तासांतच पुन्हा थांबली. वरवर पाहता ही गैरसोय किरकोळ होती. परंतु बँकेच्या व्यवहारासाठी लागणारा ओटीपी लघुसंदेशानेच येतो. तो न आल्यास खात्यात पैसे असूनही दूरवरून ते हलवता येत नाहीत. वस्तू व सेवा कर लागू होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि त्याची विवरणपत्रे ऑनलाइनच भरावी लागत. विद्यार्थ्यांच्या परीक्षा अर्जांचीही तीच गत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर काश्मिरी वापरकर्त्यांची नावे देशभरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आपोआप गळू लागली, कारण १२० दिवस न वापरलेली खाती ती कंपनी रद्द करते.

खोऱ्यातील रेल्वे पुन्हा धावू लागल्यावर तरुण पीर पंजालचा बोगदा ओलांडून रामबन जिल्ह्यातील बनिहालला जाऊ लागले. तेथील सायबर कॅफेत इंटरनेट सुरू होते. अर्ज भरायचा, ई-मेल पाहायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. या गाडीला लोकांनी ‘इंटरनेट एक्सप्रेस’ असे नावच दिले. एखाद्या अर्जापायी दिवसभराचा रेल्वे प्रवास, अशी ही तडजोड होती.

२५ जानेवारी २०२० पासून टूजी वेगाने ३०१ निवडक संकेतस्थळे खुली झाली, मार्चमध्ये ही यादीची अट गेली, आणि लगोलग कोरोनाची टाळेबंदी आली. देशभरातील शाळा दृक्‌श्राव्य वर्गांकडे वळत असताना काश्मीरमधील विद्यार्थी टूजीवर होते. संपूर्ण प्रदेशात फोरजी सुरू होण्यास ५ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. काश्मीर चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संघटनेने पहिल्या चार महिन्यांतील नुकसानाचा अंदाज १७ हजार ८७८ कोटी रुपये इतका दिला होता. यात संचारबंदी व बाजारबंदी यांचाही वाटा असल्याने सगळा आकडा इंटरनेटच्या नावे टाकता येणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.

खिडकी कोणी बंद केली?

इंटरनेटवरील अवलंबित्वाबद्दल बोलताना बहुधा व्यक्तीच्या सवयीकडे बोट दाखवले जाते. मोबाईल बाजूला ठेवा, पुस्तक वाचा, असा उपदेश केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अवलंबित्वाचा मोठा भाग सवयीने आलेला नसून व्यवस्थेने आणलेला आहे.

काही उदाहरणे पुरेशी आहेत. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावर नोंदणी केल्याखेरीज लस मिळत नव्हती. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा त्या महिन्याच्या अखेरीस मिळाली, आणि ज्यांच्याकडे साधन नाही त्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात उपस्थित केला. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी मोबाईल अ‍ॅपवर छायाचित्रासह नोंदवणे अनिवार्य करण्यात आले. रास्त भाव दुकानात अंगठ्याचा ठसा यंत्राने पडताळल्यावर धान्य मिळते. महाराष्ट्रात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले.

या बदलांचा लाभ झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यामुळे तलाठ्याच्या दारी घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले, हे कोणताही शेतकरी सांगेल. मात्र नवी वाट खुली करताना जुनी वाट किती ठिकाणी बुजवली गेली, याचा हिशेब फारसा मांडला गेला नाही. रेल्वेने आरक्षणाची खिडकी ठेवली आहे. सर्वच खात्यांनी तेवढी दूरदृष्टी दाखवली असे म्हणवत नाही.

बाजारपेठेचीही हीच कथा आहे. यूपीआय ही देयक प्रणाली २०१६ मध्ये आली. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील तिचे व्यवहार प्रथमच १ हजार कोटींच्या पुढे गेले आणि अवघ्या दोन वर्षांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, ही संख्या २ हजार कोटींवर पोहोचली. भाजीवाला, रिक्षावाला आणि चहाची टपरी या सर्वांनी ती स्वीकारली. खिशात रोकड बाळगण्याची सवय त्यासोबत सुटत गेली.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार जून २०२५ अखेर देशातील इंटरनेट जोडण्या १०० कोटींच्या पुढे गेल्या. त्यांतील तारेच्या जोडण्या ५ कोटींहूनही कमी आहेत. ‘केवळ मोबाईल इंटरनेट बंद आहे, ब्रॉडबँड सुरू आहे’, हे बंदीच्या काळात दिले जाणारे आश्वासन या दोन आकड्यांसमोर ठेवून पाहावे.

तार गेली, कायदा राहिला

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्यासाठी केलेला १८८५ चा तार कायदा मात्र त्यानंतरही दशकभर टिकला, आणि इंटरनेट बंद करण्याचे २०१७ चे नियम याच कायद्याखाली तयार झाले. त्याआधी तर जिल्हाधिकारी जमावबंदीच्या कलम १४४ चा आधार घेत असत. नव्या दूरसंचार कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये लागू झाले. आदेश केंद्र किंवा राज्याच्या गृह सचिवांनी काढावा, त्यात कारणे नमूद करावीत, त्याची मुदत १५ दिवसांपेक्षा अधिक नसावी, आणि समितीने त्याचे पुनर्विलोकन करावे, अशी ही चौकट आहे.

चौकट पूर्वीपेक्षा नेमकी झाली, हे मान्य करावे लागेल. परंतु मुदतीची मर्यादा एकेका आदेशाला असते. आदेशामागून आदेश काढण्यास तिचा अडसर होत नाही. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी हिंसाचार उसळल्यानंतर मोबाईल इंटरनेट बंद झाले आणि काही काही दिवसांची मुदतवाढ मिळत ते महिनोन्‌महिने बंद राहिले. सप्टेंबरमध्ये ते सुरू होऊन तीनच दिवसांत पुन्हा थांबले. बहुतांश भागांत ते परतले तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

प्रशासनाची बाजूही हलकी लेखता येत नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारले. अशा अफवा मोबाईलवरूनच पसरत होत्या. हे पाहिलेल्या जिल्हा पोलीस अधीक्षकाला तणावाच्या रात्री इंटरनेट बंद करावेसे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये आणि बीडमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस हाच मार्ग अवलंबला गेला. मात्र अफवेसोबत अफवेचा खुलासाही अडतो, ही या उपायाची दुसरी बाजू आहे.

परीक्षेतील कॉपी रोखण्यासाठी इंटरनेट बंद करणे ही मात्र निराळी बाब आहे. राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी आणि आसाममध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये नोकरभरतीच्या परीक्षेवेळी अनेक जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट थांबवण्यात आले. परीक्षा केंद्राच्या दारावरील झडतीचे काम संपूर्ण जिल्ह्याच्या माथी मारण्यासारखा हा प्रकार होय. याला ‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटते.

संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मधील अहवालात एका मूलभूत उणिवेवर बोट ठेवले होते. देशात इंटरनेट किती वेळा बंद झाले, याची नोंद दूरसंचार विभागाकडे नव्हती आणि गृह मंत्रालयाकडेही नव्हती. बंदीचा उपयोग होतो काय, याचाही अभ्यास व्हावा, असे समितीने सुचवले.

उपयोगाचा अभ्यास होईल तेव्हा होईल. तोवर पर्यायी व्यवस्था लावण्यास अडचण नसावी, कारण तिचे नमुने उपलब्ध आहेत. रास्त भाव दुकानात पडताळणी न झाल्यास धान्य नाकारू नये, अपवादाची नोंद करून ते द्यावे, असे आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्येच कळवले होते. नोंदवहीची हीच सोय हजेरी, दाखले आणि अर्ज यांनाही लावता येईल, आणि ती लागू झाल्याचे बंदीच्या आदेशातच लिहिता येईल. पैशांपुरते बोलायचे, तर तारांकन ९९ हॅश हा क्रमांक फिरवून इंटरनेटविना ५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम पाठवता येते. ही सोय २०१४ पासून देशभर आहे आणि साध्या मोबाईलवरही चालते. केवळ इंटरनेट थांबून मोबाईलवरील बोलणे सुरू असेल, तर ती वापरता येते. दुकानातील क्यूआर फलकाशेजारी तिची पाटी मात्र क्वचितच दिसते.