फेस आणि फोम

आषाढ लागला म्हणजे आंबेनळीच्या घाटांत कड्याकड्यांवरून पाणी कोसळूं लागतें आणि सावित्री नदी महाबळेश्वराहून पोलादपूर व महाडकडे धांवतांना जागोजाग पांढरी शुभ्र दिसते. हें दृश्य आमच्या विद्यार्थ्यांस लहानपणापासून परिचित आहे. तरी त्यावर निबंध लिहावयास सांगितला असतां कित्येकांनीं 'फेस' हा शब्द टाळून 'फोम' लिहिला. कारण विचारतां उत्तर आलें कीं, फेस हा आजीच्या तोंडचा शब्द आहे. फोम सुधारलेला आहे. ह्या उत्तरानें आम्हांस वाईट वाटलें, म्हणून हे चार शब्द.

प्रथम फोमची गोष्ट पाहूं. इंग्रजी 'फोम', त्याचें जुनें रूप 'फाम', जर्मन 'फाइम', लॅटिन 'स्पूमा' आणि संस्कृत 'फेन' हीं सर्व एकाच प्राचीन शब्दाचीं अपत्यें आहेत. मूळच्या 'प'च्या जागीं इंग्रजींत 'फ' येतो. पितृ व फादर, पाद व फूट ह्या जोड्या सर्वांस ठाऊक आहेतच. ऋग्वेदांत इंद्रानें पाण्याच्या फेनानें नमुचीचें मस्तक उडविल्याचा उल्लेख आहे. तेव्हां ज्यास आपली मुलें साहेबी पाहुणा समजतात, तो आपल्याच घराण्यांतील दूरचा भाऊबंद आहे.

ह्या घराण्याच्या खुणा आपल्या स्वयंपाकघरांतही आढळतात. 'फेणी' ह्या पक्वान्नाचें नांव संस्कृत 'फेनिका' ह्या शब्दापासून आलें. रिठ्यास संस्कृतांत 'फेनिल' म्हणतात. रिठा पाण्यांत चोळला म्हणजे फेस होतो व मळ निघतो. हा गुण ओळखूनच त्या झाडाचें नांव ठेविलें गेलें. शिवाय, मोहरी 'फेसणें' व घाट चढतां चढतां 'तोंडास फेस येणें' हे प्रयोग किती नेमके आहेत! ह्यांच्या जागीं फोम घालून पाहावा, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

मात्र अभिमानाच्या भरांत वाटेल ती व्युत्पत्ति खरी मानूं नये. अफूस संस्कृतांत 'अहिफेन' म्हणतात, म्हणून ती सर्पाच्या तोंडचा फेस, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः ग्रीक भाषेंतील रसवाचक शब्दापासून 'ओपिऑन' झालें, त्याचें अरबींत 'अफ्यून' झालें, आणि तें नांव इकडे आल्यावर पंडितांनीं त्यास संस्कृताचा पोशाख चढविला. तसेंच 'समुद्रफेन' हा समुद्राचा फेस नसून माकूळ जातीच्या जलचराच्या अंगांतील कवच आहे. खुद्द 'फेस' शब्दासही हाच न्याय लावला पाहिजे. 'फेन'चें 'फेण' होणें प्राकृताच्या नियमास धरून आहे. परंतु 'न'चा 'स' होण्याचा तसा नियम नाहीं. म्हणून केवळ अर्थ व पहिलें अक्षर जुळतें एवढ्यावरून 'फेस' हा 'फेन'चा पुत्र ठरवितां येत नाहीं. पण कुळ सिद्ध झालें नाहीं म्हणून शब्दाची योग्यता कमी होते काय? माणसाविषयीं आपण असें म्हणत नाहीं. शब्दाविषयींही म्हणूं नये. पिढ्यान् पिढ्या ज्यानें नेमकें काम केलें, तो शब्द मानास पात्र आहे.

आमचा इंग्रजीशीं वाद नाहीं. ती भाषा मुलांनीं अवश्य व उत्तम शिकावी. गादीच्या फोमास फोम म्हणण्यासही आमची हरकत नाहीं. ती वस्तु नवी व नांव तिच्याबरोबर आलें. आमची हरकत आहे ती लाजेस. आजीच्या शब्दाची लाज वाटणारें मूल हळूहळू आजीशीं बोलावयाचें सोडतें, हें आम्ही पाहिलें आहे. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मूल घरचा शब्द बोललें असतां त्यास हंसूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं ह्या सुट्टींत वडील माणसांकडून असे पन्नास शब्द अर्थासह वहींत उतरून आणावे. शाळा उघडल्यावर आम्ही ती वही प्रथम पाहूं.