मेकअप उतरवून ऐका!

दिवसा ऑफिस, रात्री हेडफोन लावून मिक्सिंग. आणि पगार झाला की नवा प्लग-इन! डेमोत कॉम्प्रेसर ऑन केला की व्होकल कसला भारी वाटतो ना? थांबा, बॉस. बऱ्याचदा तो फक्त एखाद-दोन डेसिबलनं चढलेला असतो. (त्या नॉबचं नावच मेकअप गेन, अजून काय सांगायचं!) आवाज चढला की कानाला बेस जास्त भरलेला लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून मी आधी आउटपुट खाली घेते, बायपास केल्यावरही लेव्हल तीच राहील इतकं. मग डोळे मिटून बायपास टकाटक दाबते, ऑन की ऑफ ते विसरेपर्यंत. आता सांगा, कुठला आवडला? माझ्या विशलिस्टमधले दोन महागडे प्लग-इन इथेच गळले. सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेला ईक्यू मात्र अजून टिकून आहे.