‘कोर’ म्हणजे आपणच!

मागच्या आठवड्यात बुडापेस्टला शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. आवाज चांगलाच चिडलेला. एका दुकानात शिरल्यापासून तिथला रखवालदार म्हणे त्याच्या मागेमागेच फिरत होता. बाहेर आल्यावर सोबतच्या मित्रानं हसत खुलासा केला, ‘‘तुला रोमा समजला असेल तो!’’ भाचा मला म्हणतो, ‘‘मावशी, मी काय त्यांच्यातला आहे का?’’

त्याची समजूत घातली आणि फोन ठेवला. पण ‘त्यांच्यातला’ हा शब्द काही मनातून जाईना. कारण तो मी इथं मानोऱ्यात, अगदी माझ्याच घरात ऐकलाय.

रोमा म्हणजे तेच, ज्यांना युरोपात ‘जिप्सी’ म्हणून हिणवलं गेलं. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले, हे त्यांची भाषाच सांगते. पाण्याला ते पाणीच म्हणतात, कानाला कान आणि माणसाला मानुष! आजच्या रोमानियाच्या भागात १८५६ पर्यंत ते गुलाम होते. हिटलरच्या राजवटीत लाखोंच्या संख्येनं मारले गेले. १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. तिच्या स्मरणार्थ ८ एप्रिल हा रोमा दिन पाळतात. २००५ ते २०१५ हे दशक तर युरोपातल्या अनेक सरकारांनी त्यांना समाजात सामावून घेण्यासाठीच जाहीर केलं होतं. तरी रखवालदार मागे फिरतोच!

आपल्या तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, तीही त्याच सुमारास. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरातून बंजारा समाज येतो. रोमा आणि बंजारा एकाच मुळाचे, असं पुष्कळजण म्हणतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पण नातं असो वा नसो, वाट्याला आलेली नजर मात्र सारखीच. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर पोचवणारी ही माणसं. रेल्वे आली, लदेणीचा धंदा बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतःच चोर असल्याचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये गेला. कागदावरून गेला, आपल्या मनातून गेला का?

मैत्रिणींनो, माझंच सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईला मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. ती तांड्यावरून आली ती फेटिया-कांचळी घालून, आरशांचं भरतकाम झगझगतंय. आमच्यातली एकजण हसून म्हणाली, ‘‘आज नाचाचा पण कार्यक्रम आहे वाटतं?’’ सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण बोललेही नाही. पुढच्या वर्षी ती साडी नेसून आली. त्याच्या पुढच्या वर्षी आलीच नाही.

परवा बाजारात भेटली. धीर करून विषय काढला. तर म्हणाली, ‘‘ताई, तुमच्या बाया माह्या कपड्याकडंच पाहत होत्या. माह्याकडं कोनी पाहिलंच नाही.’’

यावर कुणी म्हणेल, कसला आलाय भेदभाव? शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते की! होते. पण मुख्यमंत्र्याच्या खुर्चीनं शेजारणीच्या हळदीकुंकवात पाट मिळतोच असं नाही. खुद्द वसंतरावांनी १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं, तेव्हा दोन्हीकडून विरोध झाला होता. तरी वत्सलाबाई सून होऊन गेल्याच. संवादाची सुरुवात अशी कुणीतरी उंबरठा ओलांडला की होते.

‘त्यांनी मुख्य प्रवाहात यावं’ असं आपण सहज म्हणतो. अहो, त्या कधीच्या आल्यात! घरात गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, गरज पडली तर हिंदी. आणि आपण? पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून आईला ‘याडी’ म्हणतात, भाकरीला ‘बाटी’ म्हणतात, एवढं तरी आपल्याला कुठं ठाऊक असतं? ते स्वतःला ‘गोर’ म्हणवतात आणि बाहेरच्यांना ‘कोर’. म्हणजे त्यांच्या अंगणात उभं राहिलं, तर ‘त्यांच्यातले’ नसलेले आपणच!

याची किंमत लहान मुलं मोजतात. तांड्यावरची पोर अंगणवाडीत येते तेव्हा तिच्या कानाला मराठी परकी असते. ती गप्प बसते आणि आपण तिला मठ्ठ ठरवतो. बाईंनी पहिले काही महिने दोन्ही भाषांत गोष्ट सांगितली, तर त्या पोरीची जीभ मोकळी होईल. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. तांड्यावरच्याच एखाद्या आजीला आठवड्यातून दोनदा गोष्ट सांगायला बोलवा, बस्स.

पोहरादेवीला बंजारा वारशाचं मोठं संग्रहालय २०२४ मध्ये उघडलं. जरूर बघा. पण काचेपलीकडचा फेटिया बघून हळहळायचं आणि दारात आलेलीला हसायचं, हे बरं नव्हे.

श्रावणात तांड्यावर तीज असते. कुमारिका टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. यंदा मी जाणार आहे. फोटो काढायला नाही, तिनं बोलावलंय म्हणून. आणि संक्रांतीला तिला पुन्हा बोलावणार आहे. या वेळी कुणी हसलंच, तर मी गप्प बसणार नाही. भाच्यालाही तसं कळवलंय.